मी कोण, आई?

परवाची गोष्ट. दहावीतला आमचा मुलगा खोलीचं दार लोटून मित्राशी फोनवर कानडीत खळखळून हसत होता. जेवायला हाक मारली तर आला खरा, पण पानावर बसल्यावर ‘हं’ आणि ‘नको’ एवढंच. माझ्या तोंडून निघून गेलं, “घरात तरी नीट मराठीत बोल की!” तो ताट सारून उठला. “शाळेत मला मराठीवाला म्हणतात, इथं तू कानडी म्हणतेस. मग मी कोण, आई?”

कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. कुमारवयातलं मोठं काम म्हणजे ‘मी कोण’ याचा शोध, हे एरिक एरिकसन यांचं म्हणणं दरवर्षी वर्गात सांगते. मुलं या वयात वेगवेगळ्या भूमिका जणू अंगावर घालून बघतात. कुठली आपल्याला बसते, ते त्यांचं त्यांनाच ठरवायचं असतं. एरिकसन १९०२ साली जर्मनीत जन्मले. आई डॅनिश ज्यू, सावत्र वडील जर्मन ज्यू. निळ्या डोळ्यांच्या या उंच पोराला शाळेतली मुलं ज्यू म्हणून चिडवत आणि ज्यू मुलं परका म्हणून. पुढं अमेरिकेत त्यांनी आडनावही नवं घेतलं. वर्गात हे सगळं मी रंगवून सांगते. घरात तोच प्रश्न पुढ्यात आला, तर मीच रागावले.

मग माझी आजी आठवली. गोकाककडची. एका दमात “ऊट आतेन?” आणि “दोन घास खा गं” म्हणणारी. चौदाव्या वर्षी, पुण्याची मावसभावंडं सुट्टीत आली की मी तिला म्हणायची, “तू आत बस.” आजी मुकाट्यानं आत जायची. का, म्हणून तिनं कधी विचारलं नाही. भावंडं गेल्यावर माझ्या केसांना तेल लावायला मात्र तीच यायची. तिची माफी मागायची राहूनच गेली.

दहा वाजता ताट वाढून मी मुलाच्या दारावर टकटक केली. “ऊट आतेन?”

तो चकित होऊन बघत राहिला. मग हसला. “तुझं कानडी अगदी म्हातारीसारखं आहे, आई.” आणि ताट ओढून घेत म्हणाला, “नाही झालं. भाकरी अजून आहे काय?”

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. ते त्याचं तोच शोधेल. तोवर या घरात त्याला ‘आत बस’ कुणी म्हणणार नाही, एवढं मी बघायचं.