बाळाला घेऊन भरती होता येईल अशी एक खाट

मंडळी, पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. एरवी मी इथे खड्डे, पाणी आणि कुरारच्या ट्रॅफिकवर लिहिते. आजचा विषय वेगळा आहे आणि त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून होते.

मालाड पूर्वेला एका मराठी शाळेत मी जवळपास तीस वर्षं शिकवलं. दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या आधी, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई घरी आली. म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकेल." मुलीला सातवा संपत आला होता आणि ती रोज खोकल्याच्या औषधाच्या चार-चार बाटल्या पीत होती. नवऱ्याने सवय लावलेली. कामावरून दमून आल्यावर बरी झोप लागते, एवढ्यावरच सुरुवात झाली होती.

नवऱ्याला याच व्यसनासाठी दोनदा केंद्रात ठेवून झालं होतं. सासूने त्यासाठी मंगळसूत्र गहाण टाकलं होतं. सुनेलाही ठेवावं लागेल, हे कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

मी तिच्या घरी गेले. शिक्षिकेची सवय, सरळ दटावलं. "पोटातल्या बाळाची शपथ घे. आजपासून एक थेंब नाही. एवढंही जमणार नाही तुला?" तिने मान हलवली. आईने खोलीला बाहेरून कडी घातली. आम्हाला दोघींनाही वाटलं, चांगलं काम केलं.

तीन दिवस ती तळमळत होती. उलट्या, जुलाब, घाम, अंग तुटतंय म्हणून रडणं. चौथ्या रात्री पोटात कळा सुरू झाल्या आणि रिक्षातून हॉस्पिटल गाठलं. बाळ दीड किलोचं झालं. चोवीस दिवस काचेच्या पेटीत होतं.

पुढे एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. त्या बाटल्यांमध्ये कोडीन असतं, ते अफूच्याच कुळातलं. गरोदर बाईचं अफूच्या जातीचं व्यसन असं एकदम तोडलं तर गर्भपात होऊ शकतो किंवा दिवस भरायच्या आधीच कळा येऊ शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की अशा बाईला झटक्यात बंद करायला लावू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनसारखं औषध चालू ठेवा. बाळाला जन्मल्यावर त्रास होऊ शकतो, पण त्यावर उपचार आहेत, आणि आई जवळ असली तर बाळ लवकर सावरतं. रोज दारू पिणाऱ्या बाईचंही तेच. गरोदरपणात दारूचं सुरक्षित प्रमाण नसतंच, पण सोडवायची ती भरती करून, कारण एकदम सोडली तर फिट येऊ शकते.

त्या बाळंतपणाचं कारण हेच होतं, असं कोणी ठामपणे सांगू शकत नाही. पण मी दिलेला सल्ला धोक्याचा होता. तीस वर्षं मुलांना "आधी माहिती काढा, मग बोला" असं सांगणारी मी, तिच्यापुढे मात्र न विचारता बोलले.

हॉस्पिटलमध्ये तिने काही सांगितलं नाही. पोलीस येतील, बाळ काढून घेतील, ही भीती. शेवटी एका सिस्टरला कळलं, तर सगळ्या वॉर्डासमोर, "असल्या बायकांनी पोरं कशाला काढावीत?" त्यानंतर ती जे गप्प झाली ते झालीच. घरी आली आणि आठवड्यात पुन्हा बाटली.

मग मी फोन घेऊन बसले. वहीत अकरा ठिकाणं लिहिली होती. बहुतेकांकडे फक्त पुरुषांची सोय. दोन ठिकाणी बायकांना घेतात, पण "बाळंतीण? नको मॅडम, काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?" एका ठिकाणी तयार झाले, अट एकच, बाळ घरी ठेवायचं. ती गेली. पाचव्या दिवशी छाती दुधाने दगड झालेली, ताप चढलेला, अशी परत आली. घरचे म्हणतात पळून आली. माझ्या मते ती बाळाकडे आली.

पुण्याला मुक्तांगण आहे. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं. तिथे बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. पण बाळ इथे तपासणीखाली असताना ओल्या बाळंतिणीने मालाडहून पुण्याला जायचं कसं?

कोणी म्हणेल, घरीच ठेवा, औषध द्या. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे नवराही तेच पितो आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला मागितलं की बाटली काढून देतो? काही बायकांना त्या खोलीतून काही महिने बाहेर काढणं हाच उपचाराचा पहिला भाग असतो. अमेरिकेत गरोदर बायका आणि नव्या आयांच्या निवासी उपचारासाठी सरकारचा स्वतंत्र निधी आहे आणि त्यात मुलांना सोबत ठेवायची सोय धरलेली आहे.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून येणारे मानसिक त्रास या कायद्यात मानसिक आजारातच धरलेत. कलम २१ सांगतं की उपचार घेणाऱ्या बाईचं तीन वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे तिच्यापासून वेगळं करायचं नाही. तिच्यापासून बाळाला धोका आहे असं तज्ज्ञांचं मत पडलं तरच तात्पुरतं वेगळं ठेवायचं, तेव्हाही देखरेखीखाली आईला भेटू द्यायचं आणि दर पंधरा दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार करायचा. म्हणजे "बाळ घरी ठेवून या" हे उत्तर कायद्याला धरून नाही. त्या दिवशी फोनवर मला हे माहीत असतं तर!

आणि हे जमतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मानसिक आजार असलेल्या आयांना बाळासकट भरती करणारा विभाग २००९ पासून आहे. मोठी इमारत लागली नाही, मोजक्या खाटांवर सुरू झाला.

"असल्या बायका असतात किती?" हा प्रश्न मला हमखास येतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि बायका १.६ टक्के निघाल्या. आकडा लहान म्हणून खाटा नाहीत. पण सासू शेजारी बसलेली असताना दारात आलेल्या माणसाला कोणती सून खरं सांगेल? आपल्या मालाडला व्यसन म्हटलं की २०१५ ची मालवणी आठवते. विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. बायकांचं व्यसन असं बातमीत येत नाही, ते मोरीत आणि माळ्यावर असतं.

आणि मिश्री? तव्यावर काळी भाजलेली तंबाखूच ती. माझी आजी लावायची, पालकसभेला येणाऱ्या कितीतरी आया लावायच्या, आम्ही कधी त्याला व्यसन म्हटलं नाही. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे १७ टक्के बायका तंबाखू वापरत होत्या, बहुतेक मिश्रीच. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. तेव्हा "असल्या बायका" आपल्याच घरात आहेत.

आपल्या नगरसेवकांकडे आणि आमदारांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पत्र तयार आहे, सह्या हव्यात.

१. पश्चिम उपनगरातल्या एका तरी महापालिका रुग्णालयात प्रसूती विभागाला जोडून आई-बाळासाठी चार-पाच खाटा, आणि मानसोपचारतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ दोघांची देखरेख.
२. प्रसूतिगृहात नाव घालताना तंबाखू, दारू, गोळ्या, सिरप यांबद्दल एकटीला विचारावं. सासू आणि नवरा बाहेर. आणि विचारणाऱ्याने दटावू नये.
३. सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक व्यसनमुक्ती केंद्राने दारावर लिहावं: बायकांना घेतो का, गरोदर बाईला घेतो का, बाळासकट घेतो का.

ती आता कशी आहे? एका सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत औषध चालू आहे. मध्ये एकदा घसरली, पण स्वतःहून डॉक्टरांकडे गेली. पोरगं चालायला लागलंय. परवा भाजी मार्केटमध्ये भेटली, म्हणाली, "बाई, आज दोनशे सहा दिवस झाले." पुढचं मला माहीत नाही, तिलाही नाही.

तुमच्या ओळखीत अशी कोणी असेल तर माझ्यासारखं दटावू नका, कडी तर अजिबात घालू नका. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. आणि मुंबईत बाळासकट भरती करणारं एखादं ठिकाण तुम्हाला माहीत असेल, तर कृपया खाली लिहा. माझ्या वहीत बारावी ओळ मोकळी ठेवली आहे.