कसर नव्हती ती

नगरच्या शाळांमधून मी निजामशाहीवर स्लाइड दाखवत बोलायचो, तेव्हा सगळ्यात रंगायचा तो तालिकोटच्या लढाईचा भाग. कारण माझ्याकडे चित्रं होती. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सचित्र फारसी पोथी आहे. आफताबी नावाच्या कवीनं आपल्या हुसेन निजामशाहाच्या स्तुतीसाठी रचलेली. तिच्यातलं विजयनगरच्या रामरायाच्या शिरच्छेदाचं चित्र पडद्यावर आलं की मी ठणकावून सांगायचो, “बघा, 23 जानेवारी 1565 ला हे असं झालं!”

गंमत म्हणजे त्याच व्याख्यानात मी जपानी चित्रपडद्यांची टर उडवायचो. नागाशिनोची लढाई झाली 1575 मध्ये आणि तिचे घडीचे पडदे रंगले सतराव्या शतकात. बंदुकांच्या त्या शिस्तीतल्या रांगा म्हणजे जिंकलेल्यांची हौस, असं म्हणून पोरांना हसवायचो. तेही अर्धंच खरं. ओसाकाच्या 1615 च्या वेढ्याचा पडदा जिंकलेल्या बाजूच्या कुरोदा नागामासा या सरदारानंच काढवून घेतला, असं मानतात. पण त्याच्या अर्ध्या भागात जीव घेऊन पळणारी, लुटली जाणारी सामान्य माणसं आहेत. हे मी फार उशिरा पाहिलं.

परक्यांच्या चित्रावर शंका घ्यायला मी तयार, घरच्या चित्रावर मात्र नाही. तालिकोटला निजामशाहाबरोबर विजापूर, गोवळकोंडा आणि बीदरच्याही फौजा होत्या. पण स्तुतिकाव्य एकाचं, म्हणून माझ्या तोंडीही विजय एकाचाच. नगरकराचा अभिमान म्हणा.

खरी फजिती दरबाराच्या चित्रांवर झाली. सिंहासनावर हुसेनशाह आणि शेजारी खरवडल्यासारखा डाग. मी म्हणायचो, कसर लागली, आपल्याकडे जुनं कुणी जपतच नाही. एकदा मागच्या बाकावरून एका शिक्षिकेनं विचारलं, “सर, कसर बरोबर माणसाएवढीच कशी लागली?” मी काहीतरी पुटपुटलो आणि पुढची स्लाइड लावली.

मग मात्र वाचावं लागलं. ती जागा होती बेगम खुंझा हुमायूनची. लढाईनंतर काही महिन्यांतच हुसेनशाह वारला. मुलगा मुर्तझा लहान, म्हणून कारभार तिनं पाहिला. पोथी त्याच काळातली आहे आणि राणीला राजाच्या शेजारी इतकं ठळकपणे बसवणं त्या काळच्या दरबारी चित्रांत विरळाच. 1569 मध्ये मुलानंच तिला कैदेत टाकलं आणि त्यानंतर तिची आकृती पुसली गेली, असं अभ्यासक मानतात. म्हणजे कीड नव्हे, राजकारण. लढाईच्या चित्रात तलवारी मोजत बसलेल्या मला ते शेजारच्या पानावर दिसलं नाही.

शिवाय ही बाई चांदबिबीची आई. चांदबिबीचं विजापूरच्या अली आदिलशाहाशी लग्न लावून आणि सोलापूर आंदण देऊन तालिकोटची ती युती जुळली होती. आम्ही नगरकर डोंगरावरच्या सलाबतखानाच्या कबरीलासुद्धा ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतो. तिच्या आईचं नाव मात्र मला, व्याख्यात्याला, ठाऊक नव्हतं.

त्या शाळांमधली मुलं आता मोठी झाली असतील. त्यांच्यापैकी कुणाकडे माझ्या व्याख्यानाची टिपणवही उरली असेल, तर ‘कसर’ खोडून तिथं खुंझा हुमायूनचं नाव लिहा.