आमच्या गाडीचा दमा

आमच्या धर्मग्रामाची मारुती आठशे १९९८ सालची, कार्बोरेटरवर चालणारी. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद झाले; आमची मात्र अजून चालते, असे आम्ही काहीशा अभिमानाने सांगत असू. गेल्या वर्षी फेब्रुवारीतील एका रात्री तो अभिमान उतरला.

मंगळवेढ्याहून एका आजारी आजींना सोलापूरच्या रुग्णालयात आणावयाचे होते. माचणूरजवळ भीमेचा पूल ओलांडला आणि गाडी धापा टाकू लागली. ॲक्सिलरेटर दाबावा तर वेग वाढण्याऐवजी मागे काळा धूर. मागच्या आसनावर आजींना धाप, पुढे गाडीला. "फादर, पोचू ना आपण?" सुनेने दोनदा विचारले. आम्ही दोन्ही वेळा 'हो' म्हटले. ते श्रद्धेने म्हटले की लाजेने, हे आजही सांगता येणार नाही. बेगमपूर, कामती, तिऱ्हे ही गावे एकमेकांपासून इतकी दूर आहेत हे त्या रात्री प्रथमच कळले. अखेर पोहोचलो. आजी बचावल्या. तथापि, अर्धा तास आधी आणले असते तर त्यांचे हाल कमी झाले असते, असे डॉक्टर बोलून गेले.

सकाळी गॅरेजमधील वस्तादांना आम्ही सांगितले, "गाडीला दमा झाला आहे." त्यांनी बॉनेट उघडले, कार्बोरेटरवरील गोल डब्याचे झाकण काढले, आतला कागदी फिल्टर बाहेर घेतला आणि त्याच्याविना इंजिन सुरू केले. आवाज मोकळा झाला. "दमा कसला फादर, नाकात बोळा हाय की!" फिल्टरच्या पोटात त्यांनी पेटता दिवा धरला. घड्यांतून प्रकाशाचा कणही बाहेर येईना.

एक किलो पेट्रोल जळावयास सुमारे पंधरा किलो हवा लागते. म्हणजे लिटरमागे जवळजवळ नऊ हजार लिटर. ती सारी या कागदातून गाळून जाते. आणि आमच्याकडील हवा कसली? फेब्रुवारीत ज्वारीच्या मळणीचे भुसकट, उसाच्या ट्रॉल्यांनी उडविलेली काळी माती, यंत्रमागांच्या वस्तीत सुताचे तंतू. हवेची वाट कोंडली की कार्बोरेटरमधील ओढ वाढते, पेट्रोल प्रमाणाबाहेर खेचले जाते आणि अर्धवट जळून काळे होते. नव्या गाड्यांत संगणक पेट्रोलही आवरता घेतो. आमच्या गाडीला तेवढा विवेक नाही.

खरा दोष आमचा. फिल्टरची किंमत आमच्या रविवारच्या चहापाण्याहून कमी. तरीही धर्मग्रामाचा पैसा वाचावा म्हणून दर महिन्याला तो काढून आम्ही अंगणातील फरशीवर आपटीत असू. ढीगभर धूळ पडे आणि मनाला समाधान वाटे. बारीक धूळ कागदाच्या अंगात शिरलेलीच राही. शिवाय आपटून घड्यांना चिरा पडतात, कडेचे रबर सैल होते आणि त्या फटींतून गेलेली माती सिलिंडरच्या भिंतीवर पॉलिश कागदासारखी फिरते. गंमत अशी की किंचित धूळ बसलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक कण अधिक अडवितो. म्हणजे तो बदलण्याची वेळ येईपर्यंत त्याला हात न लावणेच बरे होते. आणि ती वेळ तर आम्ही कित्येक वर्षे टाळली होती.

नवा फिल्टर बसविण्यास पाच मिनिटे लागली. वस्तादांनी आधी डबा ओल्या फडक्याने पुसला, तोंडावर बोळा ठेवून, म्हणजे कचरा कार्बोरेटरात पडू नये. मग रबराची कड बोटाने चहूबाजूंनी चाचपली. "हितं फट राहिली की नवा टाकून उपयोग न्हाई," ते म्हणाले. जळून काळे झालेले प्लगही साफ केले. मजुरी मात्र घेईनात.

पुढच्या आठवड्यात आम्ही आजींना त्याच गाडीतून घरी सोडले. त्या वाटभर झोपल्या होत्या. माचणूरच्या पुलावर आम्ही सुनेला त्या रात्रीचे कारण सांगितले. ती काही वेळ बाहेर नदीकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "फादर, तारीख लिहून ठेवा."

झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने ती लिहिली आहे.