लांबची वाट, थोडा वेळ

मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला असलेल्या एका माउलीने आम्हांस विचारले, "फादर, दिल्लीहून ते किती दूर?" आम्ही पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखविला. सरळ अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. वाचकहो, विमान मात्र दोऱ्यावरून जात नाही. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी एअर इंडियाचे विमान अटलांटिकची नेहमीची वाट सोडून पॅसिफिकवरून गेले. वाट जवळजवळ १,४०० किलोमीटरांनी वाढून १५,३०० झाली. तरी ते सुमारे साडेचौदा तासांत, नेहमीपेक्षा दोनएक तास लवकर पोहोचले! उंच आकाशात वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. एरव्ही तोंडावर येणारा तो वारा ह्या खेपेस पाठीशी होता. पहाटे चारला निघालेले विमान तिकडच्या घड्याळाप्रमाणे त्याच तारखेच्या सकाळी उतरले. माउली बोटांवर तास मोजीत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे इकडे माझी दिवा लावायची वेळ."