आधी रस्ता, मग शॉकअप

नगर भागात गाड्यांच्या पुढच्या बाजूची खरी परीक्षा दिवाळीनंतर सुरू होते. पावसाने उखडलेल्या खड्ड्यांत मुरूम टाकलेला असतो, तो चार दिवसांत चाकांबरोबर बाहेर येतो. त्यातच कारखान्यांचा गळीत हंगाम लागतो आणि उसाच्या ट्रॉल्या उरल्यासुरल्या डांबराची वाट लावतात. नगरमध्येच व्हीआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा आहे. गाड्यांचा दम पाहायला तिथे मुद्दाम खडबडीत ट्रॅक केलेले आहेत. आमच्या गिऱ्हाइकांना ते घरापासूनच फुकट!

गाडी गॅरेजला येते ती निदान ठरवूनच. "पुढून खडखड येतंय, शॉकअप टाका." हळू चालवताना, बारीक खड्ड्यांवर खडखड होत असेल तर मी आधी लिंक रॉड हलवून बघतो, मग लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो. शॉकअप गेला की लक्षणं वेगळी दिसतात. गाडी खड्ड्यातून निघाल्यावरही उसळत राहते, ब्रेक मारला की नाक खाली घालते, टायर ठिकठिकाणी खाल्लेला दिसतो आणि शॉकअपच्या नळीवर तेल ओघळलेलं असतं.

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम त्या स्प्रिंगची उसळी आवरण्याचं. आतलं तेल बारीक छिद्रांतून दाबलं जातं आणि उसळीचा जोर उष्णतेत जिरतो. खराब रस्त्यावर दांडा सतत वरखाली होऊन तेलाला फेस येतो, मग पकड सुटते. नायट्रोजन भरलेल्या शॉकअपमध्ये हा फेस कमी धरतो, म्हणून रोजच्या खड्ड्यांना मी गॅसचेच सुचवतो.

पोरांना मात्र गाडी कडक हवी असते, नाहीतर उंच. कडक स्प्रिंग गुळगुळीत रस्त्यावर शोभते. इथे चाक जमीन सोडून उडतं आणि धक्का थेट बॉडीत जातो. स्पेसर टाकून गाडी उंच दिसते, पण शॉकअपचा दांडा तेवढाच राहतो, ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो आणि त्यावरचे रबरी बूट फाटतात. पीयूचे बुश जास्त टिकतात हे खरं, पण हादरे आत आणतात. गावच्या रस्त्याला साधं रबरच बरं.

हे हिवरे बाजारच्या गिऱ्हाइकाला फार समजवावं लागत नाही. पोपटराव पवारांच्या त्या गावात दरवर्षी पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि मगच पिकं ठरवतात. ऊस-केळी शेजारी कितीही पिकोत, तिथे ती घेत नाहीत. पाणी बघून पीक धरायचं, तसा रस्ता बघून पार्ट निवडायचा.

पार्ट चांगला आणला तरी बसवण्यात घोळ होतो. लोअर आर्म टाकताना गाडी वर उचललेली असते, चाक लोंबकळत असतं. बुशचा बोल्ट तिथेच आवळला तर रबर त्या कोनातच जखडतं. गाडी खाली टेकली की त्याला कायमचा पीळ बसतो, आणि नवाकोरा बुश लवकरच फाटतो. म्हणून बोल्ट नुसता हाताने लावायचा, गाडी चाकांवर उतरवायची आणि मग पाना घालून पक्का आवळायचा. शॉकअप एका बाजूचा गेला तरी जोडीनेच बदलायचे, सोबत वरचं माउंट तपासायचं आणि शेवटी अलाइनमेंट.

तेव्हा पार्ट घ्यायला जाल तेव्हा ब्रँडचं नाव नंतर काढा. गाडी रोज कुठल्या रस्त्याने जाते आणि मागे किती माणसं, किती ओझं असतं, ते मेकॅनिकला आधी सांगा.