कावडीचे मोल

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले, ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते आणि गावच्या भिक्षुकीतून ते फिटण्याची चिन्हे नव्हती. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे भरघोस दक्षिणा मिळेल, ही वार्ता कोकणात आली आणि हा तिशीच्या उंबरठ्यावरचा गृहस्थ काका रामभटांना सोबतीला घेऊन उत्तरेच्या वाटेला लागला. दोन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या त्या भ्रमंतीचा वृत्तान्त म्हणजे ‘माझा प्रवास’.

गाठीला फारसे काही नसताना इतका दीर्घ प्रवास कसा झाला? भटजींजवळ मुखोद्गत विद्या होती. ती वाटेत खर्ची पडत नव्हती आणि लुटारूंच्या हातीही लागत नव्हती. शिवाय ग्वाल्हेर, झाशी, बिठूर अशा ठिकाणी मराठी वाडे होते. तेथे ओळख सांगितली की पंक्तीला पान आणि ओसरीवर पथारी मिळे. अनुष्ठान झाले की दक्षिणा, आणि ती दक्षिणाच पुढल्या मुक्कामाची शिदोरी.

काशीत तर अशा यात्रेकरूची सोय पिढ्यानपिढ्या होत आलेली होती. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्याने तेथे विद्येचे ठाणे वसवले होते. शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्याच घराण्यातले. अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले. ज्या बायजाबाईंच्या यज्ञाच्या वार्तेने भटजी घर सोडून निघाले, त्यांनीच गंगाकाठी शिंदे घाट बांधला होता. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतून मराठी बोली कानी पडे. अन्नछत्र, धर्मशाळा, तीर्थोपाध्यायाचे घर या साऱ्यांमागे कोणाची तरी थैली रिकामी झालेली असे. गरिबाची यात्रा स्वस्त नव्हती. तिचा खर्च दुसऱ्या कोणी आधीच करून ठेवलेला होता.

मात्र हे औदार्य सर्वांना सारखे खुले नव्हते. ज्या ओसरीवर वैदिकाचे स्वागत होई, तिच्या पायरीशीही कित्येकांना उभे राहता येत नसे. जन्माने मिळालेला हा परवाना भटजींच्या हिशेबात जमेच्या बाजूला मांडलाच पाहिजे, मग तो त्यांना स्वतःला जाणवलेला असो वा नसो.

परंतु या परवान्यालाही मर्यादा होती. सत्तावन्नचा वणवा पेटला आणि यज्ञाची आशा मावळली. १८५८ मध्ये इंग्रज फौज झाशीत शिरली, तेव्हा भटजी शहरातच होते. लुटीत साठवलेली दक्षिणा गेली. प्राण तेवढे वाचले. ज्या कर्जासाठी घर सोडले, ते फेडण्याचे साधनच हातचे निसटले.

रिकाम्या हाताने परतण्याचा तो प्रसंग. तरीही त्यांनी गंगोदकाची कावड खांद्यावर घेतली. काशीपर्यंत आगगाडी यायला अजून अवकाश होता, आणि कावड न्यायची ती पायीच. शेकडो कोसांची ती वाट तुडवून त्यांनी वृद्ध मातापित्यांना त्या जलाने स्नान घातले. काशी पाहण्याचे भाग्य ज्यांच्या वाट्याला आले नाही, त्यांच्या दारी काशी आली.

पुढे सुमारे पाव शतकाने भटजींनी आठवणी लिहून काढल्या. चिंतामणराव वैद्यांनी संस्कार करून १९०७ साली त्या छापल्या. मूळ बखर दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाखाली १९६६ साली प्रकाशात आली. दक्षिणेसाठी निघालेल्या भिक्षुकाने मराठीला सत्तावन्नचा एक प्रत्यक्षदर्शी दस्तऐवज दिला. त्याच्या वाटेवर ज्या अनेकांनी पान वाढले, त्यांतल्या बहुतेकांची नावे मात्र कोणत्याच वहीत उरलेली नाहीत.