छायाचित्रासाठी थांबलेले हात

१/ गेल्या दिवाळीत कर्जतला आजीकडे गेले होते. प्रबंधासाठी जमवलेली एकोणिसाव्या शतकातील रेल्वेची कृष्णधवल छायाचित्रे चाळत होते. पडद्यावर एका रेल्वेपुलाचे बांधकाम होते: अर्ध्यावर आलेल्या कमानी, लाकडी परांची आणि तिच्यावर ओळीने उभे असलेले मजूर. आजी बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "अगं, ही माणसं काम सोडून अशी उभी का राहिलीत?"

२/ आजोबा घाटातल्या लोहमार्गावर गँगमन होते. पहार, घण, फावडे ही आजीच्या ओळखीची अवजारे. त्या छायाचित्राखाली मी मात्र लिहून ठेवले होते: 'बांधकामावर काम करणारे मजूर.' आजीने एका प्रश्नात माझी ओळ खोटी ठरवली. चित्रात कुणीच काम करत नव्हते.

३/ याचे कारण तंत्रात आहे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून लगेच धुवायची. त्यासाठी काळोखा तंबू बरोबर बाळगावा लागे. प्रकाश घेण्यास बहुधा काही सेकंद लागत. तेवढ्यात जे हलले, ते धुरकट झाले किंवा उमटलेच नाही. उगारलेला घण त्या काचेवर मावत नसे. म्हणून छायाचित्रात यायचे तर मजुराला आधी काम थांबवावे लागे.

४/ यातून एक साधी कसोटी हाती येते. दरवर्षी १६ एप्रिलला, १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीचे 'अस्सल छायाचित्र' म्हणून काही ना काही फिरत असते. त्यात धावती गाडी रेखीव आणि ठसठशीत दिसत असेल, तर आधी शंका घ्यावी. ते कोरीव ठशावरून छापलेले चित्र असू शकते किंवा पुष्कळ नंतरचे छायाचित्र. त्या काळी नियतकालिके छायाचित्र जसेच्या तसे छापू शकत नसत. चित्र लाकडावर कोरून घ्यावे लागे.

५/ कृष्णधवल म्हणजे निःपक्षपाती, असाही आपला एक समज असतो. त्या काचा निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देत, तांबड्याला जवळजवळ नाहीच. म्हणून आकाश पांढरेफटक, ढगांवाचून दिसते, आणि उन्हात रापलेले चेहरे होते त्याहून काळे उमटतात. चेहऱ्यांवरचे भाव बुजतात आणि माणसांची केवळ आकृती उरते. पुलाची उंची कळावी म्हणून अशा आकृत्या पुष्कळदा मुद्दाम उभ्या केल्या जात.

६/ हे सारे आजीच्या घरामागच्या डोंगरापर्यंत येऊन पोहोचते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ ते १८६३ या काळात भोर घाटातला लोहमार्ग बांधला. त्यात २५ बोगदे होते. १८६१ च्या सुमारास कामावर ४२,००० हून अधिक माणसे होती. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराने काम हाती घेतले आणि भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट सोडले नाही. अनुभवी अभियंत्यांकडे व्यवस्था सोपवून तिने काम तडीस नेले आणि या बांधकामाची छायाचित्रेही प्रसिद्ध केली. त्या काळात एका स्त्रीने हे करावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

७/ तरीही त्या काचेच्या मर्यादा ॲलिसलाही चुकल्या नाहीत. भोर घाटात पटकीने आणि तापाने हजारो मजूर दगावले. १८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला होता. मरण आणि संताप यांना काही सेकंद स्थिर उभे करता येत नाही. मागे उरले ते बोगदे आणि पूल; त्यांना हलायचे नव्हते.

८/ मग ही छायाचित्रे खोटी का? तसे नाही. 'थांबा' असे सांगण्याचा अधिकार कुणाला होता आणि कुणाला थांबावे लागले, हे ती स्पष्टपणे दाखवतात. श्रम पाहायचे असतील तर माणसांच्या भोवती पाहावे लागते. आजीने तेच केले. परांचीच्या दोरांवर बोट ठेवून म्हणाली, "हे बांधायलाच किती दिवस गेले असतील!" मी मजूर मोजत होते, तिने गाठी पाहिल्या.

९/ आमच्या घरात आजोबांचे एकच छायाचित्र आहे, निवृत्तीच्या दिवशीचे. गळ्यात हार, हातात नारळ. त्यांच्या हाती पहार असलेले एकही नाही. प्रबंधातली ओळ मी आता बदलली आहे: 'छायाचित्रासाठी काम थांबवून उभे केलेले मजूर.' कर्जतहून खंडाळ्याकडे गाडी चढू लागली की बोगद्यांच्या तोंडाशी असलेले दगड एकदा नीट पाहा. आणि तुमच्या घरी कुणा रेल्वे कामगाराचे प्रत्यक्ष कामावरचे छायाचित्र असेल, तर त्याच्या मागे नाव, गाव आणि साल आजच लिहून ठेवा.